पडद्याखाली राहिलेलं बटण

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी लहान पडद्याचा, एका कोपऱ्याला तडा गेलेला जुना मोबाइल आहे. एके काळी मीही चकचकीत होतो. कर्जतच्या हर्षदने कॉलेजात असताना मला घेतलं. माझ्यावरच तो ॲप बनवायला शिकला. पुढे त्याने मोठा फोन घेतला आणि मला खालापूरजवळच्या गावात राहणाऱ्या त्याच्या बायजामावशीला देऊन टाकलं.

मावशीने मला जिवापाड जपलं. तिची नजर अधू, म्हणून तिने माझी अक्षरं मोठी करून घेतली. फार्महाउसवाले माझ्यावर फोन करत आणि मावशी व शेजारची सोनुबाई मिळून त्यांच्या पाहुण्यांना तांदळाच्या भाकऱ्या नि वालाचं बिरडं पोचवत.

मग हर्षदने 'जेवणघर' नावाचं ॲप काढलं. फार्महाउसवाले फोन करीनासे झाले; काय हवं ते ॲपवरच सांगू लागले. मावशीने मोठ्या कौतुकाने भाच्याचं ॲप माझ्यात घेतलं, आणि आमचा छळ सुरू झाला.

ॲप म्हणे, आधी दुसऱ्याच कंपनीच्या ईमेल खात्याने आपली ओळख पटवा, मग आत या. तेवढं जमलं की परवानगीचा पडदा येई, सगळा इंग्रजीत. तुमच्या फोनमधली नावं पाहू का, फोटो पाहू का, तुम्ही कुठे आहात ते पाहू का! मोठ्या अक्षरांमुळे हा मजकूर पसरे आणि होकाराचं बटण माझ्या काचेच्या खालच्या कडेपलीकडे जाई. पडदा वर सरकतच नसे. मावशी बोट फिरवून थके आणि मागे जाई. लगेच परवानगी नाकारल्याचा लाल ठपका!

"हर्षद, पुढं जायाचं बटनच नाय रं," तिने फोन करून सांगितलं.

"आहे गं मावशी. खाली निळं बटण आहे, नीट बघ."

"निळं काय बी नाय हितं."

"माझ्या फोनवर दिसतंय ना! तुझंच काहीतरी चुकतंय."

ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला कुठे बोलता येतं? मी नुसता गरम होत राहिलो. नेहमीच्या फार्महाउसवरचं साखरपुड्याचं जेवण दुसऱ्यांकडे गेलं. "मी येडी झाले का गं?" मावशीने सोनुबाईला विचारलं. ते मला फार लागलं.

शेवटी मला पिशवीत घालून तिने कर्जत गाठलं. हर्षदने मला हातात घेतलं, पडद्यावर बोट वर-खाली केलं, पण बटण त्यालाही सापडेना. मग त्याने अक्षरं लहान केली. बटण दिसलं.

"झालं बघ. आता अक्षरं अशीच ठेव."

"मग मी वाचू कशी?"

"बरं, तुला नवा फोन घेऊन देतो."

"मला देशील. सोनुबाईला कोन देनार? तिचा पन असाच हाय." मावशीने खुर्ची ओढली. "आनि तुझं ॲप माझ्या फोनातली नावं कशाला मागतंय?"

"सगळीच ॲप मागतात गं."

"तुला पायजेत का?"

हर्षद घुटमळला. "नकोत," तो म्हणाला.

"मग मागू नको. आनि तो पडदा नीट कर. मी बसलेय हितं."

वैतागत त्याने मला वायरीने त्याच्या कॉम्प्युटरला जोडलं. कितीदा पडदा बिघडला, कितीदा त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला! मावशी काही हलली नाही.

अखेर नवा पडदा माझ्यावर उमटला. मराठीत, मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न: 'जवळची कामं दाखवण्यासाठी तुमचं ठिकाण पाहू का?' खाली 'हो' आणि 'नको', सारख्याच आकाराची बटणं. मावशीने बराच विचार करून 'नको' दाबलं. तरीही ॲप उघडलं.

"नको म्हनलं तरी आत घेतं?" ती म्हणाली. हर्षदने मान खाली घालून हो म्हटलं.

साखरपुड्याचं जेवण गेलं ते गेलंच. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या असे पडदे बनवेल. तेव्हा 'तुझंच चुकतंय' असं कुणाला म्हणण्याआधी, त्याचा फोन एकदा आपल्या हातात घेऊन बघा.