उसना आवाज

सासरे डबल बेस वाजवायचे. माणसाहून उंच, कमरेत निमुळतं, आणि दारातून आत घ्यायचं तर तिरकं करून, मान जपत घ्यावं लागणारं ते व्हायोलिनच्या जातीचं वाद्य. सासूबाई होत्या तोवर त्याला 'माझी सवत' म्हणायच्या. "लग्न होऊन घरात पाऊल टाकलं तर ही आधीच बैठकीत उभी. बरं, कधी बसायचं नाव नाही," असं त्या आल्यागेल्याला सांगत. पुढे त्या गेल्या, मुलगा जहाजावर नोकरीला लागून सहा-सहा महिने बाहेर राहू लागला, आणि घरात तिघंच उरली: सासरे, सून आणि सवत.

सून गावच्या सभागृहात ध्वनियंत्रणा सांभाळायची. माईक लावणं, वायरी ओढणं, मिक्सरच्या पट्ट्या वरखाली करणं हे तिचं काम. म्हणजे दोघंही आवाजाचीच माणसं, पण एका गोष्टीवर त्यांचं कधी जमलं नाही. सत्तेचाळीस वर्षांत सासऱ्यांनी आपल्या बेसचा आवाज स्पीकरमधून येऊ दिला नव्हता. "आवाज मनगटातून यावा, बटणातून नाही," ते म्हणत. "एकदा उसना आवाज घेतला की मग दातही उसने, केसही उसने. माझं म्हणून राहिलं काय?" त्यांचे खालचे दात उसनेच होते, पण सून ते कधी बोलली नाही.

त्या थंडीत त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं तीन दिवसांत परतलं, पाय पंधरवड्यात. उजवा हात मात्र आला तो अर्धाच आला. कप धरता येई, सदऱ्याची बटणं लागत, पण जोर वाटेत कुठेतरी सांडला होता. आणि बेसवर गज ओढायचा म्हणजे नुसता हात हलवणं नव्हे. सुतळीएवढ्या जाड तारेवर गज टेकवून त्यात अख्ख्या खांद्याचं वजन उतरवावं लागतं, तेव्हा कुठे ती तार जागी होते.

दर रविवारी दुपारी सभागृहाच्या वरच्या दालनात वयस्क मंडळींचा नाच असायचा. पियानोवर शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, क्लॅरिनेटवर पूर्वीचे पोस्टमास्तर, आणि त्यांच्या मागे बेस घेऊन सासरे. पाच महिन्यांनी ते पुन्हा तिथे उभे राहिले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सून मागच्या टेबलाशी बसली होती. पियानो ऐकू येत होता. क्लॅरिनेट ऐकू येत होतं. सासऱ्यांचा हात हलताना दिसत होता.

नाचणाऱ्यांचे पाय बेसच्या ठोक्यावर पडतात. तोच सापडेना, तेव्हा एक जोडपं दोनदा एकमेकांच्या पायावर आलं आणि हसत हसत जाऊन खुर्चीत बसलं. सासऱ्यांना यातलं काही कळलं नाही. बेस वाजवणारा माणूस वाद्याला कवटाळून उभा असतो. त्याच्या बरगड्या घुमतात आणि त्याला वाटतं, दालन घुमतंय.

मध्यंतरात पियानोच्या बाई सुनेपाशी आल्या. "मी डावा हात जोरात मारतेय गं, पण किती झाकणार? तुझ्या हातात यंत्र आहे, काहीतरी कर. त्यांना मात्र कळू देऊ नकोस."

पुढच्या रविवारी सुनेने बेससमोर बुटक्या स्टँडवर एक माईक लावला.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"रेकॉर्डिंग करतेय बाबा. जहाजावर पाठवायला."

"स्पीकरला नाही ना?"

"नाही."

खोटं बोलणं तिला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. जड गेलं ते नंतर. पहिली धून सुरू झाली, तिने पट्टी हळूहळू वर नेली, आणि तो जुना, जमिनीलगत चालणारा आवाज दालनात भरला. खुर्चीतलं जोडपं उठलं. सासऱ्यांनी मान वर केली. त्यांनाही तो आवाज समोरच्या भिंतीवरून परत येऊन भेटला होता.

घरी जाताना ते म्हणाले, "हात आला बघ."

सुनेने "हो" म्हटलं.

त्यानंतरच्या चार आठवड्यांत त्यांच्या अंगात नवा जीव आला. दोन घास जास्त जेवू लागले, दाढी रोज होऊ लागली. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबणं त्यांनी सोडून दिलं. "आता कशाला? तो आजारी माणसांसाठी असतो." शेजाऱ्याला ते जिन्यात अडवून हाताची मूठ वळून दाखवत. सून वरून बघायची आणि तिच्या मनाची चलबिचल व्हायची. सांगावं तर हा आनंद जाणार. न सांगावं तर किती दिवस?

ते तिच्या हातात राहिलंच नाही. गावच्या संगीतशाळेची मुख्याध्यापिका ही सासऱ्यांची जुनी शिष्या. शाळेचं जुनं लाकडी सभागृह दुरुस्तीसाठी वर्षभर बंद होणार होतं, त्याआधीच्या कार्यक्रमात सरांनी एकट्याने, गजाने, काहीतरी संथ वाजवावं अशी तिची इच्छा. सासऱ्यांनी फोनवरच होकार दिला आणि मग सुनेला सांगितलं. "तुझा स्पीकर नाही, माईक नाही. लाकूड, गजाचे केस आणि मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गजाला राळ लावत होते. सुनेने गॅस बंद केला.

"बाबा, एक सांगायचंय. रागवाल."

"रागवण्यासारखं असेल तर रागवेन. सांग."

"तो माईक नुसता रेकॉर्डिंगचा नव्हता. तुमचा आवाज मी स्पीकरला दिला होता."

राळेचा खडा गजावर थांबला. "कधीपासून?"

"दुसऱ्या रविवारपासून."

"किती?"

"पट्टी निम्म्याच्या वर होती."

"आणि नसती तर?"

तिला वाटलं, आता निदान इथे तरी खरं बोलावं. "मागच्यांना अजिबात ऐकू आला नसता. पुढच्यांना थोडाफार."

"बाईंना, पोस्टमास्तरांना ठाऊक आहे?"

"हो."

सासऱ्यांनी राळ फडक्यात गुंडाळली, फडक्याच्या चारी कडा नीट आत दुमडल्या. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले आणि उठले.

सांगितलंत. लग्न होऊन आल्यापासून अकरा वर्षं ते तिला अगंतुगं करत आले होते. हा 'त' पहिल्यांदाच आला होता.

पुढचे तीन दिवस घरात इतका आदर होता की श्वास घेणं मुश्कील. तुम्ही चहा घ्या, मी नंतर घेईन. तुमचा फोन वाजतोय. बेसवर खोळ चढली होती. रात्रीचं ताट ते स्वतः धुऊन ठेवत, आणि धुतलेलं ताट तिला पुन्हा घासावं लागे, कारण उजव्या हाताने खरकटं निघत नसे. ते निघालं नाही हे त्यांना कळू नये म्हणून ती नळ अगदी बारीक सोडायची.

चौथ्या दिवशी ती सभागृहात वायरी गुंडाळत होती. जिन्यात पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. सासरे एकटे, कठड्याला धरून, एकतीस पायऱ्या चढून आले होते. खुर्ची ओढून बसले, दम खाल्ला आणि म्हणाले, "रेकॉर्डिंग केलंस म्हणालीस. ते वाढवलेलं नको. माझ्याकडून जसं आलं तसं ऐकव."

तिने हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला.

पूर्ण धून त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्या खेपेला त्यांची डावी बोटं गुडघ्यावर हलत होती.

"गज घोडीपासून लांब सरकतोय," ते म्हणाले. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी पूल. "शिष्याने असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. सूर मात्र जागेवर आहेत."

"सूर एकदाही हलले नाहीत बाबा."

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "तू आवाज वाढवलास त्याचा राग नाही आला मला. चार आठवडे मला हात होता. तू सांगितलंस आणि तो पुन्हा गेला. म्हणजे एकाच वर्षात दोनदा गेला."

सुनेचे डोळे भरून आले. "चुकलं माझं."

"चुकलंच," सासरे म्हणाले. "आता ते यंत्र कसं चालतं ते दाखव. माहिती असून घ्यायचं असेल तर वेगळी गोष्ट आहे."

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या टेम्पोतून सवत आली आणि काम सुरू झालं. आधी सुनेने घोडीला तिचं कंपन उचलणारा, चिमटीएवढा पिकअप लावला. बोटाने छेडलं तर बरं वाटलं. गज फिरवला तर सर्दी झालेल्या डासासारखा आवाज आला. सासऱ्यांनी गज खाली घेतला. "याच्यापेक्षा ऐकू न आलेलं बरं."

मग तिने समोर माईक लावला. आवाज खरा आला, पण पट्टी जरा वर जाताच स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरला आणि अख्खं दालन घोंघावू लागलं. खालच्या मजल्यावरून पहारेकरी काय पडलं ते बघायला वर आला. शेवटी सुनेने भांडी घासायचा नवा स्पंज आणला, त्याच्या पोटात लहान माईक गुंडाळला आणि घोडीच्या दोन पायांमध्ये घट्ट बसवला.

"सत्तेचाळीस वर्षं जपलेलं वाद्य," सासरे म्हणाले. "आता त्यात स्पंज."

"वाजवून तर बघा."

आवाज चांगला आला. फक्त एका सुरावर वाद्य आपणहून घुमू लागायचं. सुनेने तेवढाच सूर मिक्सरवर शोधून खाली ओढला.

"तुझ्या सासूचं असंच होतं," सासरे म्हणाले. "बाकी सगळं गोड, पण एक विषय निघाला की घुमायची. मला मात्र तिची पट्टी कधी सापडली नाही."

आठवड्यात पहिल्यांदा दोघं हसली.

पण ते वाजवत होते जुन्याच सवयीने. खांदा उचलून, दात ओठांवर रोवून दाबायला बघायचे. पाच मिनिटांत हात थरथरायला लागायचा.

"बाबा, दाबू नका," सून मिक्सरमागून म्हणाली. "दाबायचं काम माझ्याकडे द्या. तुम्ही फक्त ओढा."

"न दाबता बेस वाजत नाही."

"वाजत नव्हता. एकदा बघा."

त्यांनी गज तारेवर नुसता ठेवला, गजाच्या स्वतःच्या वजनावर, आणि अगदी सावकाश ओढला. आवाज आला तो आजवर त्यांच्या बेसमधून कधीच न आलेला. मऊ, श्वास ऐकू यावा असा, केस तारेला लागतात ती बारीक खसखसही त्यात होती. तो दालनाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. सासऱ्यांनी गज टोकापर्यंत नेला, उलट फिरवला, परत आणला. किती तरी वेळ ते एकच सूर वाजवत राहिले.

"इतक्या हळू मला कधी बोलताच आलं नाही," ते शेवटी म्हणाले. "पियानो आणि क्लॅरिनेटच्या मागे उभं राहायचं म्हणजे सतत ओरडावं लागायचं." मग त्यांनी खिशातून रबरी चेंडू काढून तिला दाखवला. तो त्यांनी पुन्हा सुरू केला होता. "तू वाढवशील तेवढं वाढव. हात जमेल तेवढा सुधारून मी ते कमी लागू देईन."

संगीतशाळेच्या कार्यक्रमाला सून मिक्सर आणि दोन स्पीकर घेऊन गेली. मुख्याध्यापिकेच्या कपाळाला आठी पडली, पण सरांसमोर ती काय बोलणार? सासरे वाद्य घेऊन उभे राहिले आणि वाजवण्याआधी म्हणाले, "तुमच्यापैकी काहींना मी शिकवलंय की आवाज मनगटातून आला पाहिजे. ते खरंच आहे. माझ्या मनगटाला आता मदत लागते, आणि ती मदत तिकडे टेबलाशी बसली आहे. माझी सून."

सगळ्यांच्या माना वळल्या. सुनेला कुठे बघावं कळेना, म्हणून तिने पट्टीकडे बघितलं.

त्यांनी सुरुवात केली. जुन्या लाकडी जमिनीचा तिला अंदाज नव्हता. धून मध्यावर आली आणि फळ्याच घुमू लागल्या, आवाज फुगत चालला, खिडकीची काच थरथरली. सासऱ्यांनी गज उचलला. चेहऱ्यावर ना घाबरणं ना राग. "थांबा जरा," ते लोकांना म्हणाले, "सुनेला थोडं काम आहे." लोक हसले. तिने तो घुमणारा सूर शोधला, खाली ओढला आणि मान हलवली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

या वेळी धून शेवटपर्यंत गेली. शेवटचा सूर इतका बारीक होता की गज तारेवरून कधी उचलला गेला ते कुणाला कळलं नाही. मग मुख्याध्यापिका उठली आणि टाळ्या वाजवायच्या आधी तिने चष्मा काढून पुसला. पोस्टमास्तर दुसऱ्या रांगेत होते. ते नंतर म्हणाले, "इतकी वर्षं माझ्या मागे उभा राहून हा माणूस हे लपवत होता."

सासऱ्यांचा उजवा हात पूर्ण कधी परतला नाही. चेंडूने थोडं बळ आलं, पुढच्या थंडीत थोडं गेलं. पण रविवारची दुपार त्यांनी त्यानंतर तीन वर्षं एकदाही चुकवली नाही. संथ धुना गजाने, बाकीच्या बोटाने. सभागृहाकडे जाताना ते सुनेच्या पुढे दोन पावलं चालायचे, आणि हात बरा नसेल त्या दिवशी मागे न बघता सांगायचे, "आज जरा जास्त लागेल हं."

"देते," ती म्हणायची.