भर वादात निघालेलं वाक्य

नागरिकांवरचे खटले लष्करी न्यायालयात चालवावेत का, यावर कायदा महाविद्यालयात वाद रंगला होता. अजिबात चालवू नयेत, असं नरमीनचं म्हणणं. तिच्याविरुद्ध बोलणाऱ्या वजदीचा सैनिक भाऊ सिनाईत चौकीवर पहारा देताना स्फोटात गेलेला. तिचं ऐकता ऐकता त्याचा तोल सुटला.

"तू माझ्या भावाच्या मारेकऱ्यांची वकिली करतेस!" भर सभागृहात तो ओरडला.

"त्यांनाही वकील हवाच," नरमीन म्हणाली. "नाहीतर पकडलेला माणूस खरंच मारेकरी आहे, हे तुला तरी कसं कळणार?"

घरी जाताना वजदी पुढच्या वादासाठी उत्तर जुळवत होता.

पुढचा वाद झालाच नाही. कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. त्यातलं वजदीचं तेवढंच वाक्य गावभर फिरलं. पोलिसांनी नरमीनला नेलं. चार दिवसांनी सोडलं, पण महाविद्यालयाने तिचं नाव काढून टाकलं.

वजदी तडक डीनकडे गेला. "साहेब, मी रागात बोललो. ती मारेकऱ्यांच्या बाजूची नाही."

"शहिदाचा भाऊ तू. तुझ्या शब्दाला वजन आहे, बेटा."

"मग आत्ताचा शब्द ऐका ना! खोटं मी बोललो."

डीनने चहाचा घोट घेतला. "आता तूही तिची वकिली करायला लागलास. आईचा विचार कर. एक मुलगा गेलाय तिचा."

वजदी उठून निघाला. बाहेर मित्र उभे होते. "माझ्याबरोबर चला, आपण सगळे सांगू," तो गयावया करत म्हणाला.

"अरे, जिंकलास ना तू? कोशरी खाऊ घाल!" एकजण हसला. बाकीचे इकडेतिकडे बघत पांगले.

शेवटी तो दमिएत्ताला तिच्या घरी गेला. खाली वडिलांचा सुतारकामाचा कारखाना होता. नरमीनने दार अर्धंच उघडलं.

"शिव्या दे मला," वजदी म्हणाला. "भांड. काहीतरी बोल."

तिने समोरच्या गच्चीकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुझंच बरोबर होतं. सगळंच."

"नाही! नरमीन, तू असं म्हणू नकोस!"

दार लागलं. तो दोन्ही हातांनी ठोकत राहिला. भुशाने माखलेले तिचे वडील धावत वर आले आणि त्यांनी त्याचे हात धरले.

"हळू रे, शेजारी ऐकतायत. तुझ्या पाया पडतो बाळा, जा इथून."