मडमाईचा कंदील

रिठदच्या शिवारात इंग्रजी अक्षरं कोरलेला एक जुना दगड आहे. रविवारी भर दुपारी त्याच्याभोवती दीडेकशे माणसं, चार ऑटो आणि उसाच्या रसाची एक गाडी जमली होती. दगडाला शेंदूर, दगडापुढे पेटता कंदील आणि कंदिलामागे पांढऱ्या साडीत घुमणारी मंजू.

"मी मडमाई! सत्तावनच्या लढाईतली नर्स! हजार शिपाई माह्या मांडीवर मेले, एकाच्याबी तोंडातून हाय निघाली नाही! कोनाचा पाय दुखून राह्यला? आना इकडं!"

दीडशे वर्षांपूर्वी मेलेली इंग्रज बाई अस्सल वऱ्हाडी बोलत होती आणि मधूनमधून 'ओके' म्हणत होती. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

रांग लावणारा तिचा माणूस विनोद प्रत्येकाला एकच विचारत होता, "शुगर हाय का? किती साल झाले?" टाच ठणकते म्हणून आलेल्या धरमसिंगने नाही म्हटलं, तसं त्याला बाजूला काढलं. "तुमचा वार नाही काका. राख घेऊन जा."

माझे सासरे भिवाजी, म्हणजे आमचे मामाजी, यांना बारा वर्षांची शुगर. एका पायाच्या अंगठ्याखाली न भरणारी जखम. त्यांचा नंबर लगेच लागला.

आमचं घर बौद्ध. घरात देव नाही, नवस नाही. मी सरकारी उपकेंद्रात नर्स, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. मी नको म्हटलं तेव्हा सासूबाईंकडे उत्तर तयार होतं. "हे देव हाय का, स्नेहा? नर्स हाय. बाबासाहेबांनं देव सोडाले सांगतलं, नर्स सोडाले नाही सांगतलं!"

मंजूने कंदिलाची तापलेली काच मामाजींच्या टाचेला टेकवली. मामाजी शांत. "काहीच नाही लागून राह्यलं व!" ते हरखून म्हणाले. लोकांनी हात जोडले.

"दुखनं म्या ओढलं!" मंजू किंचाळली. तिने जखमेत राख भरली, वर चिंधी गुंडाळली. "नऊ दिवस सोडाची नाही. गोळ्या घ्याल तं मी रुसंन. ओके?"

तीन दिवस सासूबाईंनी मला त्या चिंधीला बोट लावू दिलं नाही. बुधवारी सकाळी खोलीत वास यायला लागला. मी बाळाला पाजत होते. माझी पाच वर्षांची रत्ना खराट्याची काडी घेऊन आजोबांच्या पायाशी खेळत होती.

"आई, आजोबाले गुदगुल्याच नाही होत."

"राखेचा पाय हाय तो, बाई. नको लावू," मी म्हटलं.

"तो नाही! हा, दुसरा!"

माझ्या मांडीवरचं बाळ दचकलं, इतक्या झटक्याने मी उठले. या दुसऱ्या पायाला मडमाईने हातही लावला नव्हता. मी मामाजींना डोळे मिटायला सांगितलं आणि काडी तळव्यावर फिरवली.

"कुठं लावली सांगा."

"लाव ना मंग. काहून थांबली?"

रत्ना खुदकन हसली. मला हसू आलं नाही. "मामाजी, पाच वेळा लावली मी. शुगरनं तळव्याच्या नसा मेल्या तुमच्या. खिळा घुसला तरी कळायचा नाही."

चिंधी सोडली. आत पू, दोन बोटं काळी पडलेली, आणि टाचेवर कंदिलाची काच टेकली तिथे भाजल्याचा फोड. मी ऑटो बोलावला, तर सासूबाई दारात आडव्या. "नऊ दिवस झाले नाहीत. मधात तोडलं तं पाय जाईन त्यायचा!" मामाजींचाही धीर होईना. शेवटी म्हणाले, "पह्यले मडमाईले विचारू. ते सांगन तसं करू."

त्या दिवशीही दगडापाशी गर्दी होती. मी मंजूपुढे उभी राहिले. "मडमाई, हाच कंदील तुमच्या विनोदच्या टाचेला लावा."

विनोदने पाय असा मागे घेतला की चप्पल तिथेच राहिली. लोक हसले.

"तुझी श्रद्धा नाही!" मंजू ओरडली.

"माही हाय ना!" धरमसिंग पुढे आला. "मले शुगर नाही म्हून त्या रोजी हाकललं. लावा मले!" त्याने स्वतःच टाच काचेला टेकवली. "अगाई गंऽऽ! मेलो!" आणि एका पायावर उड्या मारत त्याने मडमाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग मी मामाजींचा फोड सगळ्यांना दाखवला. "कातडं भाजलं, फक्त कळलं नाही. ज्यांना कळत नाही त्यांनाच हा माणूस निवडून घेतो. लढाईतल्या नर्सा काय करायच्या, सांगू? तंबूतली घाण उपसायच्या. चादरी उकळायच्या. शिपायांच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, जखमा उघडून धुवायच्या. त्या काळी गोळीपेक्षा हगवणीनं आणि तापानं जास्त शिपाई मरायचे. त्यातली एक जरी इथं आली असती ना मंजू, तर आधी तुझी राख फेकली असती आणि तुला हात धुवायला लावले असते."

मंजू विनोदकडे पाहत राहिली. विनोद चप्पल शोधत होता.

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. मामाजी ऑटोतून म्हणाले, "चाल बापा, वाशीमले घे."

दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला.

तुमच्या घरात शुगरचं माणूस असेल तर रोज सकाळी उजेडात त्याचे तळवे बघा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. स्पर्श कळत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुखत नाही म्हणून हात जोडू नका. आणि कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, हा कोणावर चालत नाही?

लोक मामाजींना विचारतात, बोटं कशानं गेली? ते लाजत नाहीत. "मडमाईनं नऊ दिवस सांगतले होते," म्हणतात, "म्या तीनच दिवस ऐकलं, म्हून पाय राह्यला."