तोक्पाची चौकशी

कोर्तोने उखळातलं मुसळ वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. पांढरी जीप गावप्रमुखाच्या अंगणातून निघून तिच्याच दाराशी येऊन थांबली होती. आतून राजधानीहून आलेला दुभाषा वेसे उतरला आणि त्याच्यामागून घामाने भिजलेला अमेरिकन साहेब.

लढाई संपल्यावर लायबेरियाची जुनी फौज मोडीत निघाली आणि नवी उभी करायला अमेरिकन आले. भरतीला आलेल्या माणसाने युद्धात कुणाचं रक्त सांडलंय का, हे त्याच्या गावात जाऊन विचारायचं, असा त्यांचा नियम होता.

वेसेने फोटो पुढे केला. डोकं भादरलेला तोक्पा, शेजारच्या घरातला.

"ओळखतेस ना, मावशी? घाबरू नको. तू काय सांगितलंस ते त्याला कधीच कळणार नाही."

"हो तर! जीप दारात उभी केलीस, आता कुणाला कळतंय!"

वेसे ओशाळला. साहेबाला त्याने भलतंच काहीतरी सांगितलं असावं, कारण साहेब हसला.

लढाईत रस्त्याला आडवी दोरी बांधून नाका केला होता, तिथे याच तोक्पाने तिच्या मुलाला, सुमोला, गुडघ्यांवर बसवून ठार मारलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत. लढाई संपल्यावर तो गावी परतला, आईपाशी राहू लागला आणि रोज सकाळी हाक मारू लागला, "बरी आहेस ना, माय?" हल्ली तो विहिरीवर तिच्या मुलीशी, यासाशी, बोलत थांबायचा. तो भरतीसाठी गेल्यापासून मात्र कोर्तोला गाढ झोप लागत होती.

"नाही घेतलं तर कुठे जाईल तो?" तिने विचारलं.

"जाईल कुठे? घरी येईल."

"आणि घेतलं तर?"

"छावणीत. पार समुद्राकडे."

कोर्तोने मुसळ भिंतीला टेकवलं, कमरेच्या कापडाला हात पुसले.

"गुणी पोर आहे. लढाईत कुणाला बोटही लावलं नाही त्याने. माझा सुमो आणि तो एकत्र वाढले. डोळे मिटून न्या त्याला."

पहिलं वाक्य जड गेलं. पुढची आपोआप आली, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

"कमाल आहे," वेसे म्हणाला. "सगळं गाव हेच म्हणतंय. पाद्री तर त्याचं कौतुक करताना रडलाच."

पाद्र्याचा भाऊ त्याच नाक्यावर मारला गेला होता. गावात या चौकशीबद्दल कुणी कुणाशी चकार शब्द काढला नव्हता.

साहेब खुशीत बराच वेळ बोलला. वेसे मान डोलवत होता.

"साहेब म्हणतात, एवढी माया कुठल्याच गावात पाहिली नाही. पावसाळा सरला की तुमच्या नदीवर फौजेची चौकी बसणार आहे. तिथे लोकांच्या विश्वासातला माणूस हवा. तोक्पाचं नाव ते आजच वर कळवतायत. पोरगा बंदूक घेऊन तुमच्याच रक्षणाला येईल, मावशी!"

साहेबाने हात पुढे केला. हात मिळवून शेवटी एकमेकांच्या बोटांनी टिचकी वाजवायची, ही इथली रीत त्याने हौसेने शिकून घेतली होती. कोर्तोची बोटं वाजली नाहीत.

खरं सांगायला अजूनही उशीर झाला नव्हता. पण शेजारच्या अंगणात तोक्पाची आई त्यांच्याकडेच बघत उभी होती.

जीप गेली. कोर्तो आत आली.

"यासा, कपडे बांध. उद्या मामाकडे निघायचं तुला."

"आता कशाला, आई?" यासा म्हणाली. "तोक्पा तर गेला ना?"