धूसर ठेवायचा चेहरा

पाटचारी फिल्म्सचं वर्ष भारी गेलं होतं, आणि ते साऱ्या जळगावला कळावं अशी प्रज्ञाची फार इच्छा होती. का नसावी? दोन खोल्यांचं ऑफिस, एक कॅमेरा, एडिटिंगला प्रशील आणि बाकी सगळ्याला ती. एवढ्या बळावर केळीच्या खोडापासून धागा काढणाऱ्यांची फिल्म प्रदर्शनात गाजली, अहिराणी लग्नगीताचा व्हिडिओ वरातीवरातीत वाजला आणि पिंपळनेरच्या नागली पापड करणाऱ्या बायकांवरच्या फिल्मला धुळ्यात पहिलं बक्षीस मिळालं. मग या सगळ्याचा छोटा व्हिडिओ करून मिरवायचं नाही तर कधी मिरवायचं?

तो त्यांनी आदल्या संध्याकाळी पाटचारीच्या पेजवर टाकला होता. सकाळी चहा घेता घेता प्रज्ञा अभिनंदनं वाचत होती. कधी न बोलणाऱ्या मामीनंसुद्धा फुलं पाठवली होती. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘शेवटी हसणारी वहिनी आपल्या पहूरकडची दिसते. प्रेमराजभाऊ, बघा बरं.’

प्रज्ञानं कप खाली ठेवला. शेवटी हसत होती ती रूपाली.

रूपाली नवऱ्याच्या, म्हणजे याच प्रेमराजच्या घरातून नेसत्या लुगड्यानिशी पळाली होती. त्यानं तिच्या हातावर उकळतं तेल ओतलं होतं, आणि पळून गेलीस तर शोधून काढीन, मग तोंडावर ओतीन, असं शांतपणे सांगितलं होतं. पिंपळनेरच्या नर्मदाबाईंनी तिला आपल्या पापडाच्या गटात घेतलं, घरातही घेतलं. फिल्मच्या वेळी रूपालीची अट एकच होती, हात दाखवा, तोंड दाखवू नका. प्रज्ञानं शब्द दिला होता. प्रशीलनं फ्रेमन् फ्रेम तपासून तिचा चेहरा धूसर केला होता.

मग हे झालं कसं? प्रज्ञाच्याच शिस्तीनं झालं. तयार फिल्ममधून पुन्हा तुकडे कापायचे नाहीत, मूळ शूटमधून घ्यायचे, म्हणजे चित्र स्वच्छ राहतं, हा तिचा लाडका नियम. प्रशीलनं तो इमानानं पाळला. चेहरा धूसर होता तयार फिल्ममध्ये. मूळ शूटमध्ये रूपाली उघड्या तोंडानं हसत होती. व्हिडिओ टाकण्याआधी दोघांनी तो कितीदा तरी पाहिला, पण दोघांच्याही लक्षात आलं नाही. मूळ शूट बघून बघून तो चेहरा त्यांना घरच्या माणसाचा झाला होता. त्यांच्या डोळ्यांना तो कधी धूसर नव्हताच.

प्रशीलनं घाईघाईनं व्हिडिओ काढून टाकला. “पण लोकांनी स्टेटसला ठेवलाय, प्रज्ञा,” तो म्हणाला. “तो कसा काढणार?”

“गाडी काढ.”

नर्मदाबाईंचा फोन लागत होता, पण कुणी उचलत नव्हतं. प्रशील गाडी चालवत होता आणि प्रज्ञा तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. पारोळा मागं पडल्यावर तिच्याच फोनची रिंग वाजली. नंबर अनोळखी होता. व्हिडिओच्या शेवटी ऑफिसचा नंबर मोठ्या अक्षरांत टाकायची हौससुद्धा तिचीच.

“मॅडम, व्हिडिओ पाह्यला तुमचा,” पलीकडचा आवाज अगदी गोड होता. “भारी काम करता तुम्ही. पापडाची ऑर्डर द्यायची होती. त्या बायका बसतात कुठं?”

प्रज्ञानं प्रशीलला गाडी जोरात घ्यायची खूण केली. “आम्ही कुणाचे पत्ते देत नाही.”

“काही हरकत नाही. मागं पाटी दिसते ना गटाची. गाव कळलं, आता घर विचारत जाऊ.” मागून मोटरसायकलचा आवाज आणि ट्रकचा हॉर्न ऐकू आला. तोही रस्त्यावरच होता.

फोन बंद झाला. तो पुढं आहे की मागं, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. ओलांडून जाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलकडे ती मान वळवून बघत होती. प्रेमराज दिसतो कसा हे तिला माहीत नव्हतं. त्याला मात्र सगळं दिसलं होतं, आणि दाखवलं होतं तिनंच.

धुळ्याच्या बायपासला एकदाचा नर्मदाबाईंनी फोन उचलला. प्रज्ञानं सगळं सांगितलं.

“तुम्ही या,” मग त्या म्हणाल्या. “मी पोरीले मांघनी खोलीमा बसाडस.”

पिंपळनेरला पोचल्या पोचल्या प्रज्ञा धावतच आत गेली. बायकांची लाटणी थांबली होती. नर्मदाबाई दारातच उभ्या होत्या. “पोलीस चौकीवर सांगी उनू,” त्या म्हणाल्या. “माणूस धाडतस म्हनेत.”

मागच्या खोलीत रूपाली भिंतीला टेकून बसली होती. जळलेला हात तिनं पदरात गुंडाळला होता. प्रज्ञानं तिच्यापुढं बसकण मारली. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

“माझी चूक झाली, रूपाली. चल, गाडीत बस. कुठंतरी लांब जाऊ.”

“कुठं जाऊ, ताई?” रूपालीच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच प्रज्ञाला सोसेना. “जिथं जाईन तिथं कोणी ना कोणी पाह्यलं असंन. आता माह्यं तोंड सगळ्याइले माहीत हाये.”

रूपालीनं प्रशीलकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, “तुमचा व्हिडिओ किती लोकाइनं पाह्यला?”

“खूप लोकांनी,” प्रशील खाली मान घालून म्हणाला.

“आन् आता, ह्याच घडीले, तेवढे लोक पाहू शकतीन का?”

“लाइव्ह? हो, पण...”

“मंग लावा. लपून काय भेटलं मले? आता काही झालं तं सगळ्याइच्या डोळ्यासमोर होऊ द्या.”

ती उठली आणि पुढच्या खोलीत, दारासमोरच येऊन बसली. प्रज्ञानं मोबाइल धरला आणि प्रशीलनं लाइव्ह सुरू केलं. पाटचारीच्या पेजवर लोक येऊ लागले, अभिनंदन करणारे तेच लोक. बायका लाटणी हातात घेऊन रूपालीच्या दोन्ही बाजूंना सरकल्या.

“चेहरा...” प्रज्ञाच्या तोंडून सवयीनं निघालं.

“राहू द्या उघडा,” रूपाली म्हणाली. तिनं जळलेला हात पदरातून काढून मांडीवर ठेवला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि स्वतःचं नाव, माहेरचं नाव, सासरचं गाव सांगायला सुरुवात केली. हा हात कुणी जाळला तेही ती सांगू लागली.

बाहेर मोटरसायकल थांबली. चौकीवरचा माणूस असेल, प्रज्ञानं मनाला बजावलं. पण दारात आला तो पांढरा शर्ट घातलेला, हातात तेलाचा कॅन घेतलेला एक बारकासा माणूस. इतका साधा दिसणारा, की बाजारात कुणी वळूनही पाहिलं नसतं.

रूपालीचा आवाज अडखळला. पण ती जागची हलली नाही. नर्मदाबाई तिच्या आणि दाराच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

माणसाची नजर रूपालीवरून बायकांवर गेली, मग मोबाइलवर आली. काय चाललंय ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं कॅन पाठीमागं नेला आणि दुसऱ्या हातानं गळ्यातला रुमाल ओढून स्वतःचं तोंड झाकलं.

“हाच प्रेमराज,” रूपाली म्हणाली. “याचं तोंड घ्या, ताई.”

प्रज्ञानं मोबाइल त्याच्याकडे वळवला.