नाव चिखलीत, मी येरमाळ्यात

सरकारी यादीप्रमाणे मी दोन ठिकाणी राहते. एक येरमाळा आणि दुसरं पिंपरी-चिंचवडमधली चिखली. दोन्हीकडं नाव तेच, वय तेच, फोटोही तोच, लग्नाआधीचा, दोन वेण्यांचा. जगदेवीताईंनी कागद पुढ्यात धरला तेव्हा मी लेकीला, ज्ञानूला, पायावर घेऊन तेल लावत होते. हात माखलेले, म्हणून नुसतं वाकून पाहिलं. माझ्या नावापुढं दोन फुल्या होत्या.

"हे काय हो ताई?"

"दुबार," जगदेवीताई म्हणाल्या. त्या आमच्या अंगणवाडीच्या सेविका. बाळांची वजनं, डोस, गर्भारणींच्या नोंदी, आणि निवडणूक आली की मतदारयाद्या, सगळं त्यांच्याच गळ्यात. "दोन्हीकडं नाव हाय तुजं. आता एकाच जागी मत द्यायचं. इथं का तिथं, ते लिहून सही कर. शुक्रवारपतुर जमा करायचंय मला."

"मग इथंच लिही की," आत्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. "आता इथंच हाय ना ती."

 जगदेवीताईंनी कागद देव्हाऱ्यापाशी डब्याखाली दाबून ठेवला आणि ज्ञानूच्या गालाला हात लावून पुढच्या घराकडं गेल्या.

इथंच आहे हे खरंच होतं. जूनमध्ये ज्ञानू झाली, माहेरी, इथून जवळच वाशीला. बारसं झाल्यावर मी सासरी आले, चार दिवसांची म्हणून. पाऊस उघडला की नेतो, असं चिखलीला कंपनीत असणारे ज्ञानूचे बाबा, युवराज, म्हणाले. मग दिवाळी होऊ दे म्हणाले. मग थंडी जाऊ दे. परवा फोनवर म्हणाले, हिला दात तरी येऊ देत. एकेक कारण घेतलं तर बरोबरच होतं. तान्ह्या बाळाला जपायला कोण नको म्हणेल? पण ज्ञानू पालथी पडली ते त्यांनी फोनवर पाहिलं, बसायला लागली तेही फोनवरच. आता ती फोन दिसला की हात पसरते आणि त्यालाच चाटते. तिचा बाप म्हणजे तो काचेचा तुकडा, असं झालंय तिचं.

मला चिखलीला परत जायचं होतं. एवढीच गोष्ट, पण कुणापुढं तोंड उघडून सांगता येत नव्हती. आत्यांना सांगावं, तर सहा महिने त्यांनी ज्ञानूला खाली ठेवलं नाही. युवराजना सांगावं, तर ते कारण देत, आणि कारण पुन्हा बरोबरच असे.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी फुल्यांचं सांगितलं.

"चिखलीच लिही," ते लगेच म्हणाले. "विचारायचं काय त्यात?"

 "मग न्यायला कधी येताय?"

"न्यायला? अगं, मतापुरतं. आण्णा गाड्या पाठवणारेत. सकाळी बसायचं, मत द्यायचं, जेवायचं, की गाडी परत येरमाळ्याला."

"आणि मी राहायचं नाही?"

"थंडी किती आहे इकडं, वर्षा. तिला सर्दी झाली म्हणजे?"

"म्हणजे नाव तिथं आणि मी इथं?"

"नाव म्हणजे काय, कागद तो. आण्णांचे उपकार आहेत आपल्यावर. नाही म्हणायचं का त्यांना?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ झोळीला झोका देत बसले. ज्ञानू केव्हाच झोपली होती. कागदच असेल, तर तो इथला लिहिला काय नि तिथला लिहिला काय. आणि कागदाला एवढी किंमत असेल, तर मग माझी का नाही? दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटत होत्या आणि दोन्ही एकमेकींत बसत नव्हत्या.

आण्णा म्हणजे आण्णासाहेब, तिथले नगरसेवक. मूळचे आमच्या वाशी तालुक्यातले. पंचवीस वर्षांपूर्वी कंपनीच्या कँटीनमध्ये ताटं धुवायला गेले. मग त्यांनी एक जुनी ट्रॅव्हल्स घेतली, भूम-वाशी-येरमाळ्याहून थेट तिकडं. गाडीतून उतरलेल्या माणसाला खोली कुठं मिळेल, कोणत्या कंपनीत भरती आहे, रेशनकार्ड कुणाकडून होईल, हे आण्णाच सांगायचे. माणसं उतरवून घेता घेता गल्ल्या झाल्या आणि गल्ल्यांचा वॉर्ड झाला. चिखलीत आजही एका गल्लीला भूमची गल्ली म्हणतात. आम्ही लग्नानंतर गेलो, तर गॅसच्या आधी मतदारकार्ड आलं होतं घरी. इथलं नाव कमी करायचं असतं, हे तेव्हा ना मला माहीत, ना युवराजना.

दुसऱ्या दिवशी आण्णाच आले.

येडेश्वरीचं दर्शन करून, महामार्गावरच्या एका हॉटेलच्या मागं त्यांनी बैठक घेतली. पिंपरी-चिंचवडच्या निवडणुकीची बैठक, येरमाळ्यात. तिथून घरोघर भेटी. पांढरी गाडी आमच्या दारात थांबली तेव्हा आत्या तूर पाखडत होत्या. सासरे, मी त्यांना मामा म्हणते, शेतात. मी ज्ञानूला काखेत घेऊन पुढं झाले, पाया पडले.

"वहिनी, ओळखलं का?" आण्णा ओट्यावरच टेकले.

"न ओळखायला काय झालं? एवढं पोस्टर लावलंय एस्टीस्टँडवर." आत्यांनी सूप थांबवलं नाही. "पण आण्णासाहेब, तिकडची निवडणूक हिकडं कशापायी?"

"काय करावं? माजा वॉर्ड गाडीत बसून गावाकडं येतोय. कुणाची तूर, कुणाचा हुरडा, कुणाचं बाळंतपण. एकेकाला धरून न्यावं लागतंय."

"म्हंजे आमची मतं पळवायला आलाव."

"तुमची कशी? रस्ता म्या केला, नळ म्या आणला."

"व्हय का? मग बाळंतिणीला शेक तुमच्या नळानं दिला का?"

आण्णा खळखळून हसले. मलाही हसू आलं. माणूस वाईट वाटत नव्हता, हीच तर माझी अडचण होती. त्यांनी ज्ञानूला मांडीवर घेतलं, आणि एरवी परक्याकडं बघून ओठ काढणारी पोरगी त्यांच्या गळ्यातल्या उपरण्याचं टोक तोंडात घालून निवांत बसली.

"सूनबाई, तुमच्या फुलीचं काय केलं?"

"अजून सही केली नाही."

"करून टाका. गाडी दारात येईल. आन् युवराजनं ती खोली सोडली ते बरंच केलं म्हणा. आता चौघं पोरं मिळून कंपनीजवळ राहत्यात, जायला-यायला सोपं."

मला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. "कोणती खोली?"

"तुमचीच की. दसऱ्याच्या आसपास." माझ्या तोंडाकडं पाहून ते थांबले. "ठावं न्हाय व्हय तुमाला?"

आत्यांचं सूप थांबलं.

त्या खोलीत मी वर्षभर राहिले होते. बाळंतपणाला निघायच्या आधी युवराजनी स्टुलावर चढून छताला कडी बसवली होती, पाळण्यासाठी. मी खालून स्टूल धरलं होतं, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत. दोघांनी कडीला लोंबकळून पाहिलं होतं, म्हणजे त्यांनी, मी नुसती हसत होते. दसऱ्याला खोली सोडली, तर दिवाळीला ते इथं आले होते तेव्हा? चार दिवस राहिले. अनारसे खाल्ले. तिथलं काही विचारलं की 'आहे, आहे सगळं' म्हणाले.

"मग आण्णा," मी विचारलं, "माझं नाव कुठं आहे?"

"त्याच पत्त्यावर. आता तिथं बीडकडचं एक जोडपं ऱ्हातंय. त्याची काळजी करू नका. यादीत नाव असलं म्हंजे झालं."

म्हणजे तिथं नाव होतं आणि घर नव्हतं. इथं घर होतं, तर त्यात मी पाहुणीसारखी, उद्या-परवा निघणारी. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. डोक्यात नुसता कालवा. युवराज खोटं बोलले होते का? खोटं असं काही बोललेच नव्हते. मी खोलीबद्दल विचारलंच नव्हतं. खोली आहे का, असं कोण विचारतं?

"आण्णा, मी चिखलीच लिहिते," मी म्हणाले. "पण गाडी पाठवाल ती जायचीच पाठवा. यायची नको. मला तिथं राहायचंय."

बोलून गेल्यावर कळलं, की हे आत्यांसमोर बोललेय.

आण्णा माझ्याकडं बघत राहिले, मग ज्ञानूकडं. उपरण्याचं टोक तिच्या तोंडातून हळूच सोडवलं आणि खिशातून फोन काढला. "हां, ऐक. एक खोली पाहिजे. फॅमिली हाय, लहान लेकरू हाय. पाणी घरात येणारी. न्हाय न्हाय, निवडणुकीनंतर न्हाय, आधी... मग त्याला म्हणाव आण्णांनी सांगितलंय." फोन खिशात गेला. "झालं. शाळेच्या मागं. युवराजला म्या सांगतो."

दोन मिनिटंही लागली नाहीत. सहा महिने ज्यासाठी मी रोज संध्याकाळी शब्द जुळवत होते, ते तूर पाखडायच्या सुपाशेजारी होऊन गेलं. मला आनंद झाला का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्या नावापुढं दोन फुल्या नसत्या, तर हा माणूस आमच्या ओट्यावर बसला असता का? याला मत विकणं म्हणतात का? आणि तसं असेल, तर भूमच्या गल्लीतल्या कुणी विकलं नव्हतं? आख्खं शहर असंच एकेका फोननं वसलं असेल काय? मी विचारलं नाही. ज्ञानूला परत घेतलं आणि हात जोडले. गाडी पुढच्या दाराकडं वळली.

आत्यांनी पुन्हा सूप उचललं. तूर संपली, कोंडा उडवून झाला, सूप भिंतीला टेकवून झालं.

"मला वाटलं हुतं तू गरीब गाय हैस," शेवटी म्हणाल्या.

"आत्या, तुमच्यापासून तोडून न्यायचं नव्हतं मला..."

"तोडून? मी काय वेल हाय का?" त्या फणकारल्या. "माजा पोरगा हाय त्यो. दसऱ्याला बिऱ्हाड मोडलं त्यानं, आन् मला परक्या मानसाकडनं कळावं?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुजे मामा आठ वरीस कारखान्यावर हुते. म्या एकदाबी इचारलं न्हाय, कुठं निजता, कुठं जेवता म्हणून."

"का नाही विचारलं?"

"तवा वाटायचं, इचारायचं नसतंय." त्यांनी ज्ञानूला माझ्याकडून ओढूनच घेतलं. "आन् आता ह्या ढमीला घुटी कोण देनार तिथं? तुजा त्यो नगरसेवक?"

त्यांना मी जावं असं वाटत होतं की जाऊ नये, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. त्या दुपारी त्यांनी मुरडशेंग, हळकुंड, वेखंड एका फडक्यात बांधलं, आणि सोडलं, आणि जात्याशेजारी नुसतंच ठेवून दिलं.

शुक्रवारी जगदेवीताई आल्या. मी डब्याखालून कागद काढला. 'चिखली' लिहिलं. अक्षर वाकडं आलं, कारण ज्ञानू पेन धरायला झेपावत होती.

"नक्की ना?" जगदेवीताईंनी विचारलं. "एकदा पाठवलं की माघारी न्हाय हां. इथल्या यादीत मग तू न्हाईस."

"नक्की," मी म्हणाले आणि सही केली.

"कितव्या मजल्यावर हाय खोली?" आत्यांनी आतून विचारलं.

"माहीत नाही."

"पानी किती वाजता येतंय?"

"तेही विचारलं नाही."

"काय बाई तरी," आत्या म्हणाल्या. कुणाला, ते कळलं नाही.

जगदेवीताई फाटकाबाहेर जातात न जातात तोच फोन वाजला. युवराज. ज्ञानूनं दोन्ही हात पसरले. मी तिला यावेळी फोन दिला नाही, कडेवर घट्ट धरली.

"वर्षा, आण्णांचा फोन आला होता." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "शाळेमागच्या खोलीची किल्ली घेऊन जा म्हणाले. तू नेमकं काय बोललीस त्यांना?"

मी आठवून पाहिलं. उंबऱ्यात आत्या येऊन उभ्या होत्या, फडक्याची ती पुरचुंडी हातात.

"काय बोलले ते मलाच नीट आठवेना," मी म्हणाले. "तुम्ही न्यायला या. आण्णांच्या गाडीनं नको, तुम्ही या. आणि आल्यावर आधी आत्यांपाशी बसा. त्यांना काहीतरी विचारायचंय."