आत कुठेही खूण नाही

“पुस्तक बांधून झालं असलं तरी एकदा सोडून दाखवाल का, ताई? नुसतं बघायचंय.”

दारातले काका जिना चढून धापा टाकत होते. माझ्या कडेवर लेक, हातात चिकटपट्टी. बाहेरची खोली हेच माझं दुकान. जुनी, दुर्मीळ पुस्तकं मी घरबसल्या ऑनलाइन विकते. पाळण्याखाली पुस्तकं, शिवणयंत्रावर पुस्तकं. “जन्मभर रद्दी घराबाहेर काढत आले,” सासूबाई म्हणतात, “आता सून ती विकत आणून घरात भरतेय.”

महिन्यापूर्वी एका बाईंनी घर आवरताना दोन खोकी मला विकली होती. काका त्यांचे वडील.

“मी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो,” ते म्हणाले. “लेकीला वाटलं, बाबांना आता कसलं वाचायचंय! तिचं चुकलं नाही हो. तिला ठाऊकच नव्हतं. मग तुमची जाहिरात तिनंच दाखवली.”

जाहिरात माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. बोटीच्या प्रवासाचं जाडजूड पुस्तक. पहिली आवृत्ती. आत कुठेही खूण नाही.

हे शेवटचं वाक्य खरं करायला मला दोन दुपारी लागल्या होत्या. समासात पेन्सिलीच्या बारीक बारीक खुणा होत्या, मास्तर वहीत करतात तशा बरोबरच्या. खुणांचं पुस्तक पडून राहतं, कोरं चार दिवसांत जातं, हे मी पहिल्याच महिन्यात शिकले होते. लेकीचा डोळा लागला की खोडरबर घेऊन बसायचे. कागद जरासुद्धा न खरवडता खोडायला जमलं, म्हणून स्वतःवर खूशही झाले होते.

पार्सल सोडलं. काकांनी चष्मा पुसला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि मधूनच उघडलं. पानं उलटली. खिडकीशी जाऊन उजेडात धरली.

“यात खुणा होत्या,” ते म्हणाले. “पेन्सिलीच्या. तुम्ही पाहिल्या असतील.”

“नाही काका,” मी म्हणाले. “आलं तेव्हा कोरंच होतं.”

आतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला. त्यांना खोकला झालेला नव्हता.

काका खुर्चीत टेकले. “म्हणजे मीच... असेल बाई. हल्ली असंच होतं. परवा म्हणे मी एकच गोष्ट लेकीला तीनदा सांगितली.” ते ओशाळं हसले. “आमची ही आजारी होती ना, तेव्हा रोज दुपारी तिला हे वाचून दाखवायचो. वाचता वाचता तिचा डोळा लागायचा. जिथं लागला तिथं खूण करून ठेवायचो, उद्या तिथनं पुढं सुरू करायला. अशी आपली माझी समजूत! दुसऱ्याच कुठल्या पुस्तकात केल्या असतील.”

त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्यापुढे धरलं. “चला. तुमचं उगीच सोडायला लावलं. त्रास झाला.”

मला वाटलं होतं, ते भांडतील. भांडले असते तर मी खोटं रेटून नेलं असतं. पण माझ्या चुकीसाठी ते स्वतःच्या डोक्यावर शंका घेऊन निघाले होते. वर माझीच माफी मागत होते.

“काका, थांबा.” लेकीनं माझे केस ओढले, बरंच झालं, वर बघावं लागलं नाही. “खुणा होत्या. मी खोडल्या.”

पुढे धरलेलं पुस्तक त्यांनी पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाले, “मग मघाशी नाही कशाला म्हणालात?”

लग्नाआधी वडिलांपुढे उभी राहायचे तशी उभी राहिले. फरक एवढाच की आता कडेवर लेक होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“शेवटची खूण कुठं होती, आठवतंय?”

“नाही.”

“अंदाजे? निम्म्यापुढं?”

“काका, मी खुणांकडे बघत नव्हते. पुसत होते.”

“मीही वाचत कुठं होतो!” ते म्हणाले. “नुसता आवाज काढायचो. लक्ष सगळं तिच्याकडे. पुढचं राहिलेलं वाचून टाकावं म्हटलं, तर कुठपर्यंत झालं तेच आता...”

सासूबाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. त्यांच्यापुढे ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. एरवी एक टोमणा तरी नक्की मारला असता.

“पुस्तक घेऊन जा, काका,” मी म्हणाले. “ज्यांनी मागवलंय त्यांना मी कळवते.”

“काय कळवाल?”

“खरं तेच.”

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, समजलं नाही. पाणी प्यायले. मग पुस्तक पहिल्या पानावर उघडून, जागेवरच, बारीक आवाजात वाचू लागले. बंदर, धक्का, शिडी चढणारी माणसं. आवाज सपाट होता, चढ-उतार घासून गुळगुळीत झालेले. लेक हात-पाय थांबवून ऐकत राहिली.

दर दोन-तीन ओळींनी ते थांबत, सवयीनं मान वर करून चष्म्यावरून समोर बघत. समोर मी होते, टक्क जागी. ते पुन्हा मान खाली घालून पुढची ओळ वाचत.